ताबा, संरक्षण आणि साहाय्य : मुंबई उपनगरांतील पोलीस व विकलांग व्यक्ती यांच्या संबंधाचा इतिहास

१

विकलांग व्यक्तींशी आणि मानसिक संकटात सापडलेल्या माणसांशी पोलिसांनी, अग्निशामक दलाने व रुग्णवाहिकेवरील कर्मचाऱ्यांनी कसे वागावे याचे रीतसर शिक्षण त्यांना दिले पाहिजे, हा विचार आता बहुतेकांना मान्य झाला आहे. २०१६ व २०१७ या दोन सालांतील केंद्रीय कायद्यांनी ते शासनाचे कर्तव्यच ठरविले. विचाराचे नाव नवे असल्यामुळे विषयही नवा असावा असा समज सहज होतो. पण तो बरोबर नाही. पोलिसाचे विकलांगाशी असलेले नाते मुंबईच्या कायद्यात फार पूर्वीपासून शब्दबद्ध झालेले आहे, आणि आजच्या प्रशिक्षणापुढील पुष्कळशा अडचणी त्या जुन्या शब्दांतच दडलेल्या आहेत. प्रस्तुत लेखात अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड हा उपनगरी प्रदेश समोर ठेवून या शब्दांचा आणि त्यांमागील व्यवहाराचा इतिहास तपासावयाचा आहे.

या तपासणीला आधारभूत असे कलम १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमात आहे. शहर आणि जिल्हे यांतील पोलिसांसाठी पूर्वी निरनिराळे कायदे होते. ते एकत्र करून हा अधिनियम झाला, आणि ‘महाराष्ट्र पोलीस अधिनियम’ या नावाने तो आजही चालू आहे. याच्या कलम ६६ मध्ये पोलिसाची जनतेविषयीची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांतील पहिलेच कर्तव्य असे, की रस्त्यावरील विकलांग अथवा असहाय व्यक्तींना पोलिसाने आपल्या शक्तीनुसार सर्व साहाय्य द्यावे. आणि नशेत असलेल्या व्यक्ती, तसेच धोकादायक वाटणारे किंवा स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ दिसणारे मोकळे फिरणारे वेडे यांचा ताबा घ्यावा.

वाक्य एकच आहे, पण त्यात क्रियापदे दोन आहेत. शरीराने विकलांग असलेल्यास ‘साहाय्य’ द्यावयाचे आहे; मनाने विकल असलेल्याचा ‘ताबा’ घ्यावयाचा आहे. पहिल्या क्रियेत समोरचा माणूस घेणारा असतो, दुसरीत तो घेतला जातो. शिवाय ‘ताबा’ या क्रियापदाखाली वेड्याच्या जोडीला मद्यपी बसविलेला आहे. ही जोडी कायदा लिहिणाऱ्याने सोयीसाठी केली असेल. तथापि रस्त्यावरील व्यवहारात तिचे परिणाम गंभीर होतात. मेंदूच्या पक्षाघातामुळे ज्याची चाल डळमळीत आहे व बोलणे अडखळते आहे, ज्याला नुकताच अपस्माराचा झटका येऊन गेला आहे, किंवा मधुमेहामुळे ज्याच्या रक्तातील साखर एकाएकी उतरली आहे, असा माणूस प्रथमदर्शनी दारू प्यालेलाच दिसतो. कायद्याने जो साहाय्याच्या रांगेत उभा केला आहे तो डोळ्यांच्या साक्षीने ताब्याच्या रांगेत जातो. पोलीस प्रशिक्षणाचा पहिला धडा या एका वाक्यातील दोन रांगा ओळखण्याचा असावयास हवा.

२

‘ताबा’ ही कल्पना १९५१ मध्ये एकाएकी आली नव्हती. १८५८ च्या ३६ व्या कायद्याने वेड्यांच्या इस्पितळांची व्यवस्था लावताना, हद्दीत भटकणाऱ्या वेड्यांस पकडून दंडाधिकाऱ्याकडे पाठविणे हे दरोग्याचे कर्तव्य ठरविले होते. त्या काळी साष्टीचा सारा मुलूख, म्हणजे आजची अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड ही गावे, ठाणे जिल्ह्यात मोडत असे. पुढे १९१२ मध्ये भारतीय वेड्यांचा कायदा झाला. त्याच्या १३ व्या कलमान्वये भटकणाऱ्या वेड्यास पोलीस ठाण्याचा अधिकारी अटक करू शकत असे. वेडामुळे धोकादायक वाटणाऱ्यास मात्र त्याने अटक केलीच पाहिजे, असे बंधन होते. अटक केलेल्यास विनाविलंब दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावयाचे. क्रियापद ‘अटक’ होते, आणि पुढचे ठिकाण न्यायालय होते. आजार हा गुन्हा नसला तरी त्याची वाट मात्र गुन्ह्याचीच होती.

या कायद्याच्या व्याख्येत जन्मतः मंदबुद्धी असलेली व्यक्तीही ‘वेडा’ या शब्दात सामावलेली होती. १९८७ च्या कायद्याने ती वगळली, आणि २०१७ च्या कायद्यानेही तोच भेद कायम ठेवला. शास्त्रदृष्ट्या हे योग्यच झाले. कारण बौद्धिक विकलांगता हा रोग नव्हे. पण रस्त्यावर उभ्या असलेल्या शिपायाला समोरचा मुलगा कोणत्या कायद्याखाली येतो हे त्याच्या चेहऱ्यावरून कळणार कसे? कायद्याची वर्गवारी सूक्ष्म होत गेली तशी शिपायाची अडचण वाढत गेली, ही गोष्ट इतिहासकाराने नोंदविली पाहिजे.

दंडाधिकाऱ्याच्या हुकुमानंतर माणसाची रवानगी इस्पितळात होई. मुंबईत पूर्वी कुलाब्याला वेड्यांचे इस्पितळ होते. १९०१ मध्ये ठाण्याचे मनोरुग्णालय स्थापन झाले. नरोत्तमदास माधवदास यांचे नाव त्याला जोडलेले आहे. मुलुंड हे मुंबईचे शेवटचे उपनगर आणि त्याच्या पलीकडे लगेच ठाणे. त्यामुळे उपनगरांच्या दृष्टीने हे रुग्णालय अगदी उंबऱ्याशी होते, आणि बोलभाषेत त्याचा ठसा उमटला. एखाद्याला ‘ठाण्याला पाठवा’ असे म्हटले, की ऐकणाऱ्याला अर्थ विचारावा लागत नसे. पुण्याकडे तोच अर्थ येरवड्याने व्यक्त होतो.

येथे भाषेचा एक योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. मराठीत पोलिसांची चौकी तेही ‘ठाणे’ आणि मनोरुग्णालय असलेले शहर तेही ‘ठाणे’. ‘ठाण्यात नेणे’ आणि ‘ठाण्याला नेणे’ यांत केवळ विभक्तिप्रत्ययाचा फरक आहे. पहिल्याने कोठडी सुचते, दुसऱ्याने इस्पितळ. शतकभर उपनगरांतील मनोरुग्णाचे भवितव्य या दोन प्रत्ययांच्या मध्ये लोंबकळत राहिले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. तिसरा प्रत्यय, म्हणजे ‘घरी’, त्या व्यवस्थेत क्वचितच उच्चारला जात असे.

३

स्वातंत्र्यानंतर उपनगरांचे रूप झपाट्याने पालटले. १९५० मध्ये मुंबई महानगरपालिकेची हद्द पश्चिम रेल्वेच्या बाजूने जोगेश्वरीपर्यंत व मध्य रेल्वेच्या बाजूने भांडुपपर्यंत गेली. १९५७ मध्ये ती दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. पुढे १९९० मध्ये मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. रेल्वेच्या दोन्ही मार्गांवर वस्ती दाटत गेली. लांब पल्ल्याच्या गाड्या बोरिवलीला थांबतात; कुर्ला व वांद्रे येथे त्यांची अंतिम स्थानके झाली. घरातून निघून गेलेला, आपले नाव-गाव सांगू न शकणारा माणूस देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातून गाडीत बसावा आणि गाडी थांबेल तेथे उतरावा, असे येथे घडत राहिले. म्हणून उपनगरांतील पोलिसांपुढे येणारा भटका मनोरुग्ण बहुधा परप्रांतीय असतो, आणि त्याची भाषा ठाणे अंमलदाराला येतेच असे नाही.

अशा माणसासाठी कायद्याने एक तिसरी वाटही तयार ठेवली होती. मुंबई राज्यात १९४५ मध्ये भिकाऱ्यांविषयीचा कायदा झाला आणि त्याच्या जागी १९५९ मध्ये मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियम आला. भीक मिळविण्याच्या हेतूने व्रण, जखम, व्यंग अथवा रोग उघडा दाखविणे हाही त्यात ‘भीक मागणे’ या व्याख्येचा भाग आहे. पोलीस अधिकारी वॉरंटाशिवाय अटक करू शकतो, आणि न्यायालय पहिल्या खेपेसही एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवण्याचा आदेश देऊ शकते. चेंबूरचे भिक्षेकरी स्वीकार केंद्र मुंबईकरांस परिचित आहे. १९५१ च्या कायद्याने ज्याला ‘साहाय्य’ द्यावयास सांगितले तोच लंगडा वा अंध माणूस, हात पुढे करताच, १९५९ च्या कायद्याने अटकेस पात्र ठरला. हा अधिनियम दिल्लीलाही लागू करण्यात आला होता. तेथील उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातील भीक मागणे गुन्हा ठरविणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या.

या साऱ्या वाटा एकमेकींत मिसळून शेवटी अनेकदा तुरुंगात जात. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी कोठडीतील स्त्रियांच्या स्थितीसंबंधी सर्वोच्च न्यायालयाला लिहिले आणि १९८३ मध्ये त्यावर न्यायालयाने महाराष्ट्र शासनाला निर्देश दिले, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्याच दुसऱ्या याचिकेवर १९९३ मध्ये, पश्चिम बंगालमधील तुरुंगांसंदर्भात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ज्याने कोणताही गुन्हा केलेला नाही अशा मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदा व घटनाबाह्य आहे. ‘बिनगुन्ह्याचा वेडा’ असा एक शासकीय शब्दप्रयोग तोवर रूढ होता. ज्या शब्दातच निर्दोषत्व मान्य केलेले आहे तो शब्द तुरुंगाच्या नोंदवहीत लिहिला जात होता, यावरून वाटा किती गुंतल्या होत्या हे कळून येते.

४

१९८८ मध्ये या इतिहासाला बोरिवलीत एक वेगळे वळण मिळाले. तेथे व्यवसाय करणारे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता वाटवानी यांना रस्त्याच्या कडेला एक कृश, अस्ताव्यस्त तरुण नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याला आपल्या रुग्णालयात नेऊन उपचार केले. बरा झाल्यावर तो पदवीधर असून वैद्यकीय प्रयोगशाळेचे शिक्षण घेतलेला, आंध्र प्रदेशातील एका सुस्थित कुटुंबातील मुलगा असल्याचे निष्पन्न झाले. यातून ‘श्रद्धा पुनर्वसन प्रतिष्ठान’ ही संस्था उभी राहिली. प्रथम दहिसरला आणि २००६ पासून कर्जतजवळ तिचे केंद्र चालू आहे. रस्त्यावरील मनोरुग्णास आणावे, उपचार करावे, त्याला त्याचे गाव आठवू लागले की घरी पोचवावे, हा तिचा क्रम. २०१८ मध्ये डॉ. वाटवानी यांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्या वेळेपर्यंत घरी परतलेल्यांची संख्या ७,००० च्या वर गेली होती.

या घटनेचे कायद्याच्या इतिहासातील स्थान पाहण्यासारखे आहे. १९८७ मध्ये संसदेने मानसिक आरोग्य अधिनियम संमत केला होता. त्याने ‘वेडा’ हा शब्द टाकून ‘मानसिक रुग्ण’ हा शब्द घेतला आणि ‘अटक’ काढून ‘संरक्षणाखाली घेणे’ हे क्रियापद बसविले. पण तो अमलात आला १ एप्रिल १९९३ रोजी. म्हणजे बोरिवलीच्या रस्त्यावर तो तरुण सापडला तेव्हा पुस्तकात नवा शब्द आला होता, व्यवहारात मात्र १९१२ ची ‘अटक’च चालू होती. पोलिसाने त्या तरुणाला उचलले असते तर ते कायद्याच्या भाषेत अटक करणेच झाले असते. वैद्याने उचलले म्हणून ते उपचार ठरले.

आणि १९८७ च्या कायद्याने तरी काय बदलले? बारकाईने पाहता १९१२ च्या कलमाचा सांगाडा तसाच राहिला. भटकणाऱ्यास घेता येईल, धोकादायकास घेतलेच पाहिजे, आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे न्यावे. शब्द वैद्यकाचा झाला, ठिकाण न्यायालयाचेच उरले.

त्याच १९८८ साली अमेरिकेत मेम्फिस येथे पोलिसांच्या प्रशिक्षणाचा एक नवा प्रघात सुरू झाला. त्याच्या आदल्या वर्षी तेथे मानसिक संकटात असलेला, हातात सुरी घेतलेला एक तरुण पोलिसांच्या गोळीने मेला होता. त्यानंतर पोलीस, विद्यापीठे व रुग्णांच्या कुटुंबीयांची संघटना यांनी मिळून, स्वेच्छेने पुढे आलेल्या पोलिसांना चाळीस तासांचे शिक्षण देण्याची पद्धत बसविली. या प्रघाताची चर्चा होते ती बहुधा त्या चाळीस तासांपुरती. परंतु त्याचा दुसरा अर्धा भाग तितकाच महत्त्वाचा आहे : पोलिसाने आणलेल्या माणसाला परत न पाठविता तात्काळ स्वीकारणारे एक ठरलेले रुग्णालय. शिपायाला मृदू बोलावयास शिकविले, पण माणसाला न्यावयाचे कोठे हे ठरविले नाही, तर मृदू बोलणे कोठडीच्या दारापर्यंतच पुरते. बोरिवली आणि मेम्फिस यांचा परस्परांशी संबंध नव्हता. तरी दोहोंचा निष्कर्ष एकच निघतो.

५

ठिकाणाचा प्रश्न भारतीय कायद्याने सोडविला तो २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने. २९ मे २०१८ पासून तो लागू आहे. त्याच्या १०० व्या कलमाने पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ असा भटकणारा मनोरुग्ण, अथवा आजारामुळे ज्याच्यापासून त्याला स्वतःला किंवा इतरांना धोका आहे अशी व्यक्ती, यांस संरक्षणाखाली घ्यावयाचे. का घेतले याचे कारण त्याला सांगावयाचे. चोवीस तासांच्या आत त्याला जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यावयाचे. कोणत्याही परिस्थितीत त्याला कोठडीत वा तुरुंगात ठेवावयाचे नाही. दाखल करण्याची जरुरी नसेल तर घरी, आणि घर नसेल तर बेघरांसाठी असलेल्या शासकीय निवाऱ्यात पोचवावयाचे. शिवाय बेघर अथवा भटकणाऱ्या मनोरुग्णाच्या बाबतीत हरवलेल्या व्यक्तीची खबर नोंदवून त्याच्या कुटुंबाचा शोध घेणे हे ठाणेदाराचे कर्तव्य आहे.

१८५८ मध्ये दरोग्याचे ‘कर्तव्य’ पकडण्याचे होते. १६० वर्षांनी तोच ‘कर्तव्य’ शब्द परत आला, पण त्याचे कर्म बदलले. दंडाधिकाऱ्याऐवजी पहिले ठिकाण रुग्णालय झाले. आणि ‘भटकणारा वेडा’ या जागी ‘हरवलेला माणूस’ आला. हा शेवटचा बदल अर्थदृष्ट्या सर्वांत मोठा होय. भटकणाऱ्याला कोणी शोधत नसते. हरवलेल्याला मात्र कोणीतरी शोधत असते, किंवा शोधावयास हवे असते.

उपनगरांच्या दृष्टीने ‘जवळची सार्वजनिक आरोग्य संस्था’ म्हणजे विलेपार्ल्याचे कूपर, घाटकोपरचे राजावाडी, बोरिवलीचे भगवती आणि मुलुंडचे अगरवाल ही महानगरपालिकेची रुग्णालये. ज्या वाटेने पूर्वी सरळ ठाणे गाठले जाई ती वाट आता आपापल्या उपनगरातील अपघात विभागातून जाते. त्याच कायद्याच्या ९४ व्या कलमान्वये कोणताही नोंदणीकृत वैद्य तातडीच्या प्रसंगी बहात्तर तासांपर्यंत उपचार करू शकतो. मानसोपचारतज्ज्ञ हजर नाही ही सबब त्यामुळे चालत नाही. म्हणून प्रशिक्षण एकट्या पोलिसाला देऊन भागणारे नाही. अपघात विभागातील वैद्य, रुग्णवाहिकेवरील कर्मचारी आणि ठाणे अंमलदार यांना एकाच वर्गात बसविले पाहिजे. एकाने आणावे आणि दुसऱ्याने ‘हा आमच्याकडचा नव्हे’ म्हणावे, या एका वाक्यात शंभराव्या कलमाचा सारा हेतू नष्ट होऊ शकतो.

संकटप्रसंगाचा आणखी एक प्रकार येथेच सांगितला पाहिजे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ अन्वये आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. त्यामुळे अशा घरी पोलीस पोचला म्हणजे जीव वाचलेल्या माणसाचा जबाब आरोपी म्हणून घेतला जाण्याचा संभव असे. २०१७ च्या कायद्याच्या ११५ व्या कलमाने तो माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावयास सांगितले. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम उरलेच नाही. सरकारी नोकराला त्याच्या कर्तव्यापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला. दीडशेहून अधिक वर्षे ज्या प्रसंगी पंचनामा करण्याची सवय होती त्या प्रसंगी आता प्रथम पाणी द्यावयाचे आहे. सवय कायद्याबरोबर आपोआप रद्द होत नाही. ती शिक्षणानेच बदलावी लागते. याच कायद्याच्या ३० व्या कलमात पोलीस अधिकाऱ्यांना ठराविक काळाने असे शिक्षण देण्याची तरतूद आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या ४७ व्या कलमाने पोलिसांच्या प्रत्येक अभ्यासक्रमात विकलांगांच्या हक्कांचा समावेश बंधनकारक केला आहे. अंधेरीच्या मरोळ येथील पोलीस प्रशिक्षण विद्यालय हे या दृष्टीने उपनगरांतले स्वाभाविक केंद्र होय.

६

ठिकाणाचा प्रश्न कायद्याने सोडविला. भाषेचा प्रश्न मात्र बराचसा शिल्लक आहे. १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या ११९ व्या कलमाने, बोलू न शकणारा साक्षीदार लिहून अथवा खुणांनी साक्ष देऊ शकतो आणि ती तोंडी साक्षच समजली जाईल, हे मान्य केले होते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे मोठेच विधान होते. मुंबईत बहिऱ्यांची पहिली शाळा निघाली ती त्यानंतर, १८८० च्या दशकात. परंतु ही मान्यता न्यायालयाच्या चार भिंतींपुरती राहिली. पोलिसाने विकलांग स्त्रीची फिर्याद तिच्या घरी अथवा सोयीच्या जागी, दुभाष्याच्या किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत घ्यावी आणि तिचे चित्रीकरण करावे, हे लिहावयास २०१३ साल उजाडावे लागले. आणि तेही लैंगिक व तत्सम गुन्ह्यांपुरतेच. २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात आहे.

मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड व सुसान डी सांतिस यांनी १९८० च्या दशकात दिल्ली, मुंबई, कलकत्ता व बंगळूर येथील खुणांच्या भाषेचा अभ्यास करून तिला स्वतःचे व्याकरण आहे हे दाखविले, आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत, जी १९८३ मध्ये स्थापन झाली, पुढे या भाषेच्या दुभाष्यांचे शिक्षण सुरू झाले. म्हणजे दुभाषी घडविणारी देशातील एक प्रमुख संस्था उपनगरांच्या वेशीवरच आहे. तिचा आणि पोलीस ठाण्यांचा नित्य संबंध ठेवणे अवघड नाही. बहिऱ्या माणसाचे दोन्ही हात मागे बांधले म्हणजे त्याचे तोंडच बांधले जाते, एवढे तरी शिपायाला माहीत असावयास हवे.

भाषेची अधिक सूक्ष्म अडचण आत्ममग्न व बौद्धिकदृष्ट्या विकलांग व्यक्तींच्या बाबतीत येते. आत्ममग्नतेत शब्दानुकरणाची प्रवृत्ती आढळते. ऐकलेल्या वाक्याचा शेवट तसाच उच्चारला जातो. ‘तू चोरी केलीस का?’ या प्रश्नाला ‘चोरी केलीस’ असे प्रत्युत्तर आले, तर अनभिज्ञ कानाला ती थट्टा वाटते, किंवा त्याहून वाईट म्हणजे कबुली वाटते. नजरेला नजर न देणे हे अशा व्यक्तीच्या ठायी स्वाभाविक असते. चौकशीच्या परंपरेत मात्र ते अपराधाचे चिन्ह मानले जाते. बौद्धिक विकलांगता असलेली व्यक्ती अधिकाऱ्याला बरे वाटावे म्हणून प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणते. यावर उपाय म्हणजे ‘हो-नाही’चे प्रश्न टाळून मोकळे प्रश्न विचारणे, एका वेळी एकच प्रश्न विचारणे व उत्तराला वेळ देणे. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने विकलांग बालकाच्या संवादपद्धतीशी परिचित असलेल्या व्यक्तीची मदत घेण्यास जी मुभा दिली आहे, तिचे तत्त्व सर्वच चौकशींना लागू पडण्यासारखे आहे.

सर्वनामाचाही विचार केला पाहिजे. मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतील निवड ही सामाजिक प्रतिष्ठेची मोजणी असते. ठाण्यात आलेल्या सुशिक्षित गृहस्थाला ‘तुम्ही’ म्हणणारा हवालदार मळक्या कपड्यांतील मनोरुग्णाला ‘काय रे, ऊठ’ म्हणतो, यात त्याचे वैयक्तिक दुष्टत्व नसते. तो समाजाचीच भाषा बोलत असतो. पण गोंधळलेल्या, भ्यालेल्या माणसाला वाक्याचा अर्थ कळला नाही तरी त्यातला अव्हेर कळतो. ‘तुम्ही’ म्हणावयाचे हा नियम प्रशिक्षणात घालावयाला खर्च काहीच लागत नाही.

७

अग्निशामक दल व आपत्ती निवारण यांचा विचार बहुधा स्वतंत्रपणे केला जातो. वस्तुतः प्रश्न तोच आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उपनगरे पाण्याखाली गेली. १७ डिसेंबर २०१८ रोजी मरोळच्या कामगार रुग्णालयास आग लागून माणसे दगावली. अशा प्रसंगी कर्ण्यावरून दिलेली सूचना बहिऱ्याला पोचत नाही, लावलेली पाटी अंधाला दिसत नाही, आणि उद्वाहन बंद पडले की चाकांच्या खुर्चीवरील माणूस मजल्यावर कैद होतो. कोणत्या इमारतीत कोण आहे हे आधीच ठाऊक नसेल तर धाडस आणि शिडी दोन्ही अपुरी पडतात. म्हणूनच २०१६ च्या कायद्याच्या ८ व्या कलमाने जिल्ह्यातील विकलांग व्यक्तींची नोंद ठेवण्याचे काम जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर सोपविले. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या विकलांग हक्क करारातील आपत्तीविषयक अनुच्छेदाचा हा देशी अनुवाद होय. त्याच करारात पोलीस व तुरुंग कर्मचारी यांच्या प्रशिक्षणाचाही निर्देश आहे.

येथेही साहाय्याची रीत शिकावी लागते. अंधाचा हात धरून ओढू नये. आपले नाव सांगून आपले कोपर त्याच्या हाती द्यावे. चाकांच्या खुर्चीसह माणसाला उचलण्यापूर्वी कोठे धरावे हे त्यालाच विचारावे, कारण खुर्चीचा कोणता भाग सुटा होतो हे त्यालाच माहीत असते. आत्ममग्न मूल भोंग्याच्या आवाजाने घराच्या आतल्या कोपऱ्यात पळते. त्याला शोधावयाचे ते पलंगाखाली व कपाटात.

८

या साऱ्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे, पण स्पष्ट आहे. १८५८ पासून २०१७ पर्यंत कायद्याचे क्रियापद पकडणे, अटक करणे, ताबा घेणे, संरक्षणाखाली घेणे असे बदलत गेले. केवळ क्रियापद बदलल्याने व्यवहार बदलला नाही, हे १९८७ च्या कायद्याने सिद्ध केले. व्यवहाराला खरे वळण लागण्याची शक्यता निर्माण झाली ती नेण्याचे ठिकाण बदलले तेव्हा. आणि ठिकाण बदलूनही काम अपुरे राहते, जोवर आणलेल्या माणसाशी बोलावयाची भाषा नेणाऱ्याला येत नाही. म्हणून प्रशिक्षणाची कसोटी शिपायाच्या मनात किती करुणा उत्पन्न झाली ही नव्हे. करुणा उपनगरांतील पोलिसांत पूर्वीही होती. पुरात माणसे खांद्यावर वाहून नेणारे हात तेच होते. कसोटी ठाण्याच्या डायरीत पाहावयाची आहे. माणूस कोणत्या वेळी संरक्षणाखाली घेतला, त्याला कारण कोणत्या भाषेत सांगितले, दुभाषी कोण होता, कोणत्या रुग्णालयाने किती वाजता स्वीकारला, आणि हरवलेल्या व्यक्तीची खबर कोठे कळविली, ही पाच उत्तरे ज्या पानावर सापडतील त्या पानावर शंभरावे कलम अमलात आले असे समजावे. १९५१ च्या कलमातील दोन क्रियापदांपैकी ‘ताबा’ आजही पुस्तकात शिल्लक आहे. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ते काढून त्या जागी पहिलेच क्रियापद, म्हणजे ‘साहाय्य’, दोन्ही रांगांसाठी लिहिल्यास राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी सुसंगत होईल, आणि मरोळच्या वर्गात शिकणाऱ्या शिपायाला एकाच विषयाची दोन परस्परविरोधी वाक्ये पाठ करावी लागणार नाहीत.